टू ऑफ स्वॉर्ड्स आणि जस्टिस एकत्र आली म्हणजे कोर्टकचेरी होणार का?

टॅरोमध्ये, म्हणजे मनात प्रश्न धरून चित्रांची कार्डं काढायची आणि वाचायची त्यात, ही दोन कार्डं जोडीने आली की लोक जाम घाबरतात. का, तर जस्टिस म्हटलं की डोळ्यासमोर वकील, तारखा, खर्च. "मॅडम केस होणार का" हे मला इतक्या जणांनी विचारलंय की म्हटलं एकदा लिहूनच टाकावं. त्यासाठी एक अनुभव सांगते, त्या ताईंची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

चाळिशीतल्या ताई, माहेर सातारा साईडचं, सासर ठाण्याचं. वडील गेले, वर्षश्राद्ध झालं आणि भावाने व्हॉट्सअ‍ॅपवर हक्कसोडपत्राचा ड्राफ्ट पाठवला, दिवाळीच्या आत सही करून टाक म्हणाला. नवरा म्हणतो अजिबात करायची नाही, आई म्हणते एकुलता एक भाऊ आहे, वाईटपणा घेऊ नकोस, आणि ह्या बाई रात्री दोन दोन वाजेपर्यंत यूट्यूबवर 'पिक अ कार्ड' (पडद्यावरचं एक कार्ड निवडा आणि त्याचं भाकीत ऐका, असे व्हिडिओ) बघत बसलेल्या. स्वतःचा डेकही, म्हणजे कार्डांचा संच, मागवला होता, रोज तोच प्रश्न, करू की नको, आज हो आलं की उद्या नाही. "अहो मॅडम, तुम्हीच काय ते सांगा आता, डोकं बधिर झालंय नुसतं."

मी हो-नाहीची कार्डं काढत नाही. दोनच काढायला सांगते, पहिलं 'मी कुठे अडकलेय' आणि दुसरं 'यात मी काय बघायला हवं'. त्यांना आली हीच जोडी, आणि जस्टिस बघून चेहरा उतरला.

म्हटलं आधी चित्र बघू, अर्थ नंतर. रायडर-वेट डेक, म्हणजे 1909 चा, पामेला कोलमन स्मिथने काढलेला, बहुतेकांकडे असतो तोच. टू ऑफ स्वॉर्ड्समधली बाई दगडी बाकावर बसलीय, डोळ्यांवर पट्टी, छातीवर हात आडवे घेऊन दोन्ही खांद्यांवर तलवारी तोललेल्या, मागे समुद्र, त्यात खडक, वर चंद्रकोर. तिला कोणी धरून ठेवलेलं नाही हे लोकांच्या लक्षात येत नाही, तिचे हातसुद्धा बांधलेले नाहीत, पट्टी काढायची तर फक्त तलवारी खाली ठेवायला लागतील. पण तलवार खाली ठेवली की कुठली तरी एक बाजू उघडी पडणार, म्हणून ती बसून आहे. ह्या ताईंची एक तलवार नवरा, दुसरी आई, इतकं सरळ होतं ते.

आता जस्टिस. तिच्या उजव्या हातात उभी तलवार, डाव्या हातात तराजू, आणि डोळे उघडे! आपल्याला न्यायदेवता पट्टीवालीच माहीत असते (2024 मध्ये सुप्रीम कोर्टातल्या नव्या पुतळ्याची बातमी आली, त्याची पट्टी काढली आणि तलवारीच्या जागी संविधान दिलं, तेव्हा केवढी चर्चा झाली), टॅरोतली जस्टिस मात्र सरळ समोर बघते. गंमत म्हणजे गोल्डन डॉन या जुन्या इंग्रजी गूढविद्या मंडळाच्या पद्धतीत दोन्ही कार्डं तूळ राशीचीच, टू ऑफ स्वॉर्ड्स म्हणजे तुळेतला चंद्र आणि जस्टिस म्हणजे खुद्द तूळ. तराजू एकच आहे हो, पहिल्या कार्डात भावनेच्या भरात काटा हलू द्यायचा नाही म्हणून धरून ठेवलाय, आणि दुसऱ्यात आधी वजनं टाका मग बोला असं चाललंय. म्हणून ही जोडी आली की मी निकाल सांगत नाही, एकच विचारते, कुठली गोष्ट बघायची टाळताय?

"ताई, ड्राफ्ट वाचलात?"

"वरवर."

म्हटलं दाखवा. फोन काढला तर त्या पीडीएफवर डाऊनलोडचा बाण तसाच होता. म्हणजे उघडलीच नव्हती! सही करू की नको यावर इतक्या रात्री जागून काढल्या, पण कसली सही ते माहीत नाही. आणि यात त्या बावळट वगैरे अजिबात नाहीत, बँकेत काम करतात, दुसऱ्यांचे कागद डोळ्यांत तेल घालून तपासतात. घरचा कागद उघडायचा म्हणजे भाऊ आपल्याला फसवतोय का हे बघणं आलं, आणि ते त्यांना नको होतं.

तिथेच बसून वाचला. त्यांना वाटत होतं फक्त गावचं घर, पण खाली शेतीचा गट नंबरही होता. पुढचं वकिलाचं काम, ते मी करत नाही, तसं त्यांना सांगितलं. नंतर त्यांच्याकडूनच कळलं की घर वडिलांनी स्वतः घेतलेलं, मृत्युपत्र नाही, म्हणजे मुलगा, मुलगी आणि आई तिघांचा सारखा हिस्सा. शेती वडिलोपार्जित, आणि तिथे 2005 च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतःच सहहिस्सेदार, लग्न झालेलं असो नसो. एकदा नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र फिरवणं सोपं नसतं हेही वकिलाने बजावलं.

शेवटी त्यांनी भावाला फोन करून सांगितलं, घरातला माझा हिस्सा आईच्या नावे सोडते, शेतीवर सही करणार नाही. केस वगैरे काही झाली नाही. पण भाऊ भाऊबीजेला बोलला नाही, ओवाळून घेतलं आणि उठून गेला. हे लपवण्यात अर्थ नाही, किंमत पडलीच. महिन्याभराने विचारतात, "तो परत बोलेल का, एक कार्ड काढू?" मी म्हटलं नका काढू, त्याच्या मनातलं तुमच्या डेकमध्ये कुठून येणार.

तुमच्याकडे हीच कार्डं उलट क्रमाने आली, आधी जस्टिस आणि मग टू ऑफ स्वॉर्ड्स, तर मी वेगळं वाचते. तिथे माहिती सगळी असते, मनात ठरलेलंही असतं, फक्त ते कोणाला तरी तोंडावर सांगायचंय म्हणून माणूस पट्टी परत बांधून बसतो. अशा वेळी अजून चौकशी करत बसू नका, सांगायचं कोणाला आणि कधी तेवढं ठरवा. आणि टू ऑफ स्वॉर्ड्ससोबत 20 नंबरचं जजमेंट आलं तर त्याला जस्टिस समजू नका, नावामुळे बरेच जण फसतात. त्यात तराजू नाहीच, देवदूत तुतारी वाजवतोय आणि माणसं शवपेटीतून उठतायत. ते आलं की मी कागदपत्रांबद्दल विचारत नाही, आधी कधी असाच निर्णय अर्धवट सोडला होता का ते विचारते.