त्या टेकडीवरून सरकार दिसतं का?

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. तुझ्या प्रबंधाचा आराखडा नीट वाचला. एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन लेखक थोरो, त्याचं निसर्गलेखन आणि त्याचा राजकीय विचार हा विषय सुरेख आहे, आणि तो तुझ्या हातून चांगला होईल असं मला वाटतं. मांडणी मात्र पटली नाही. पहिली तीन प्रकरणं निसर्गाची, पुढची तीन राजकारणाची, शेवटी एक ‘समन्वय’. सहा प्रकरणं फाडत जायचं आणि सातव्यात टाके घालायचे, हा प्रकार आपल्या विद्यापीठांत इतका रुळला आहे की गाइडलाही खटकत नाही. अशी प्रकरणं वेळेत पुरी होतात, हाही त्यातला भाग असावा.

माझी अडचण सांगते. जुलै 1846. थोरोला वॉल्डन तळ्याकाठी राहायला जाऊन वर्ष झालं होतं. दुरुस्तीला टाकलेला जोडा आणायला तो कॉन्कर्ड गावात गेला आणि डोईपट्टी (माणशी कर) थकवली म्हणून ती वसूल करणाऱ्या सॅम स्टेपल्सनं त्याला कोठडीत घातलं. गुलामगिरी पोसणाऱ्या, मेक्सिकोवर चालून गेलेल्या सरकारला मी पैसा देणार नाही, हे त्याचं म्हणणं. कुणीतरी परस्पर कर भरून टाकला आणि दुसऱ्या दिवशी त्याला सोडलं. इथवरची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पुढची वाचताना निसटते. सुटल्यावर त्यानं दुकानातून जोडा घेतला, हकलबेरीची रानफळं वेचायला निघालेली मंडळी भेटली, आणि अर्ध्या तासात तो दोन मैलांवरच्या टेकडीवर, त्या झुडपांमध्ये होता. तिथून राज्यसंस्था कुठेच दिसत नव्हती, असं तो लिहितो.

हे वाक्य कुठे आहे बघ. निसर्गाच्या पुस्तकात नाही, 1849 साली छापलेल्या राजकीय निबंधात आहे. आणि तुरुंगाची हकीकत 1854 च्या ‘वॉल्डन’मध्येही येते, गावाबद्दलच्या प्रकरणात. म्हणजे राजकीय निबंधात टेकडी आणि तळ्याच्या पुस्तकात तुरुंग. तुझ्या आराखड्यात ही घटना मधोमध चिरली गेली आहे: कोठडी पाचव्या प्रकरणात, हकलबेरी दुसऱ्यात.

त्या टेकडीवर काय घडतं, हा मला तुझ्या प्रबंधाचा खरा प्रश्न वाटतो. बरेच जण म्हणतील, हा पळपुटेपणा आहे. गुलामगिरीचा निषेध एका रात्रीत आटोपून हे गृहस्थ फळं खायला गेले. (त्याची आई त्याचे कपडे धूत होती, हा विनोदही तुला व्हायवामध्ये कुणीतरी ऐकवेलच. हसून सोडून दे.) पण जेमतेम आठवड्यानं, 1 ऑगस्ट 1846 ला, कॉन्कर्डच्या गुलामगिरीविरोधी महिला मंडळाची सभा त्याच्या झोपडीपाशी भरली होती. वेस्ट इंडीजमधल्या गुलामांच्या मुक्तीचा वाढदिवस साजरा करायला. त्याची आई आणि बहिणी या मंडळाच्या कामात होत्या. तेव्हा ती झोपडी म्हणजे राजकारण सोडून जाण्याची जागा, असं म्हणताना जरा थांबावं लागतं. उलट बाजूनं, तो फार मोठा कार्यकर्ता होता असंही ठरवू नकोस. त्याच्या आधी 1843 मध्ये त्याचा मित्र ब्रॉन्सन ऑल्कॉट याला ह्याच गावात, ह्याच करापायी पकडलं होतं. कर नाकारण्याची कल्पना थोरोची नव्हे. तुरुंगातून थेट टेकडीवर जाऊन ते निबंधात लिहून ठेवण्याची मात्र त्याचीच.

राज्यशास्त्राच्या तासाला ‘निसर्गावस्था’ शिकवतात ना, तिच्याशी हे ताडून पाहा. हॉब्जची निसर्गावस्था, लॉकची, रूसोची: तिघांनाही ती युक्तिवादासाठी हवी होती. राज्य नसतं तर काय झालं असतं? थोरोची निसर्गावस्था दोन मैलांवर आहे आणि तिथे घोडागाडी जाते. ती राज्याच्या आधीची नाही, राज्य चालू असतानाच शेजारी आहे. हा फरक तुझ्या आराखड्यात एका ओळीत उरकला आहे. मी तुझ्या जागी असते तर त्यावर एक प्रकरण लिहिलं असतं.

आणि त्या प्रकरणात शेंगांचं शेत घेतलं असतं. ‘वॉल्डन’मधलं हे शेत लोक गमतीचं म्हणून वाचतात: सुमारे अडीच एकर, सगळ्या ओळी सलग धरल्या तर सात मैल भरतील एवढ्या, आणि हिशेबाअखेर नफा 8 डॉलर साडेएकाहत्तर सेंट. आता शेजारी लॉकचं मालमत्तेवरचं प्रकरण उघडून ठेव. लॉक 1689 मध्ये म्हणतो की माणूस जमिनीत आपले श्रम मिसळतो म्हणून ती त्याची होते, आणि अमेरिकेतली न कसलेली जमीन त्याला नुसती पडीक दिसते. वसाहतवाल्यांना हे किती सोयीचं पडलं, ते तुला माहीत आहे. थोरो उन्हाळाभर खुरपतो, पण जमीन त्याची होत नाही. ती त्याच्या लेखक-मित्राची, इमर्सनची, आणि त्याला ती आपली करायचीही नाही. शिवाय खुरपताना त्याच्या कुदळीला बाणांची टोकं लागतात. गोरे येण्याआधी कुणीतरी इथेच मका आणि शेंगा लावल्या होत्या, हे तो नोंदवतो. लॉकची पडीक जमीन पडीक नव्हती, हे दोन बोटं मातीखाली निघालं.

थोरो लॉकला उत्तर देतो आहे, असं मात्र लिहू नकोस. तसं म्हणायला पुरावा लागेल. दोन मजकूर शेजारी ठेवल्यावर तुला, वाचक म्हणून, काय दिसलं एवढंच लिही. तेवढं पुष्कळ आहे, आणि ते तुझं आहे.

आता पद्धत. तुझी ‘सैद्धांतिक चौकट’ बावीस पानांची आहे आणि तीत थोरोचं एकही वाक्य नाही. ती बाजूला ठेव, फेकू नकोस. त्याऐवजी तारखांची एक वही घाल. डावीकडे डायरी, उजवीकडे सार्वजनिक घटना. त्याची डायरी 1906 मध्ये चौदा खंडांत छापली गेली, ती आता फुकट वाचायला मिळते. त्यासाठी परदेशी फेलोशिपची वाट पाहायला नको.

1854 चं वर्ष असं करून बघ. मार्चच्या अखेरीस ‘वॉल्डन’ची पहिली मुद्रितं हातात येतात. 24 मे रोजी बॉस्टनमध्ये अँथनी बर्न्स या पळून आलेल्या गुलामाला पकडतात आणि 2 जूनला सैनिकांच्या पहाऱ्यात बंदरावर नेऊन मालकाकडे परत पाठवतात. मॅसॅच्युसेट्समध्ये गुलामगिरी नाही, पण पळालेल्या गुलामांबद्दलच्या 1850 च्या कायद्यानं तिथल्या सरकारलाही ती राबवावी लागते. 16 जूनच्या डायरीत थोरो लिहितो की राजकारण्यांच्या नीचपणाच्या आठवणीनं माझं फिरणं नासतं. त्याच दिवशी त्याला त्या मोसमातल्या पांढऱ्या कुमुदाचा वास येतो, तोही तिथेच टिपलेला आहे. 4 जुलैला फ्रॅमिंगहॅमच्या सभेत, जिथे गुलामगिरीविरोधी चळवळीतल्या गॅरिसननं संविधानाची प्रत जाळली, तिथे थोरो भाषण करतो. नासलेलं फिरणं आणि कुमुद, दोन्ही त्या भाषणात येतात. 9 ऑगस्टला ‘वॉल्डन’ बाहेर पडतं.

ही वही केलीस की तुझं सातवं प्रकरण आपोआप गळून पडेल. सांधायला काही उरणारच नाही. नासलेलं फिरणं हेच मला त्या लेखनातलं सर्वांत कडक राजकीय विधान वाटतं. कायदा इतका घुसला आहे की आता टेकडीवरूनही सरकार दिसतं. 1846 मध्ये दिसत नव्हतं. आठ वर्षांत काय बदललं, हा तुझा प्रबंध.

एक सावधगिरी. कुमुद चिखलातून उगवतं हे वाचताच आपला हात ‘चिखलातलं कमळ’ या ठेवणीतल्या वाक्याकडे जातो. आवर. त्यानं ते फूल मोसमाची वाट पाहत शोधलेलं आहे, आणि त्याला त्यात पावित्र्य दिसतं ते वासामुळे. गीता त्यानं विल्किन्सच्या भाषांतरात वाचली होती हे खरं, पण म्हणून त्याची प्रत्येक पाकळी गंगेत बुडवायची नसते.

तसंच ‘थोरो, मग गांधी, मग दुर्गाबाई’ ही जी रेघ तू ओढली आहेस तिचं. जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरमधली गांधींच्या सत्याग्रहाच्या प्रतिज्ञेची सभा 11 सप्टेंबर 1906 ची. थोरोचा निबंध गांधींच्या ‘इंडियन ओपिनियन’ या पत्रात आला 1907 मध्ये. आणि 1935 मध्ये भारत सेवक समाजाच्या कोदंडरावांना लिहिलेल्या पत्रात गांधींनी स्वतः सांगितलं आहे की माझी कल्पना थोरोवरून आली हे म्हणणं चूक आहे. निबंध हाती येण्याआधीच दक्षिण आफ्रिकेतला प्रतिकार बराच पुढे गेला होता. त्यांनी थोरोचं ऋण मानलं, उगम मानला नाही. ‘प्रभाव’ हा शब्द तुझ्या आराखड्यात जिथे जिथे आहे तिथे आधी तारीख टाक, मग तो ठेवायचा की काढायचा ते बघ.

दुर्गाबाईंचं प्रकरण जास्त अवघड आणि म्हणून जास्त मोलाचं. ‘ऋतुचक्र’ 1956 चं. ‘वॉल्डन’ त्यांनी मराठीत आणलं. आणीबाणीतल्या, 1975 च्या कराड साहित्य संमेलनात त्या अध्यक्ष होत्या, केंद्रात मंत्री असलेले यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष होते, आणि अशा व्यासपीठावरून बाईंनी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थनेचं आवाहन केलं. पुढे त्यांना अटक झाली, तीही एशियाटिकच्या ग्रंथालयात. हे सगळं ‘थोरोच्या प्रभावातून’ आलं असं लिहिणं म्हणजे बाईंना त्यांच्याच आयुष्यात दुय्यम करणं. त्या ऐकायला असत्या तर तुझी काही खैर नव्हती. त्यापेक्षा हे विचार: चैत्रातली पालवी इतक्या बारकाईनं पाहणाऱ्या माणसाला आणीबाणी सहन का होत नाही? पाहण्याच्या सवयीचा आणि न झुकण्याचा काही संबंध आहे, की आपल्याला तो असावासा वाटतो? मला उत्तर ठाऊक नाही. ‘ऋतुचक्र’ आणि कराडचं भाषण एकत्र वाचून तुला काय वाटतं ते ऐकायला आवडेल.

शेवटचं, बर्फाचं. तू लिहिलं आहेस की ‘वॉल्डनचा बर्फ मुंबईत विकला गेला, हा वसाहतवादी बाजाराचा पुरावा’. वाक्य झोकदार आहे, पण ‘वॉल्डन’मधलं ते प्रकरण परत वाच. अमेरिकेतला बर्फ हिंदुस्थानात येत होता, 1833 पासून कलकत्त्याला, मग मुंबई-मद्रासलाही, हे बरोबर. मद्रास, मुंबई आणि कलकत्त्याचे घामाघूम लोक माझ्या विहिरीचं पाणी पितात, ही थोरोची कल्पनाही तिथे आहे. पण 1846-47 च्या हिवाळ्यात तळ्यावरून कापून रचलेल्या दहा हजार टन बर्फाच्या ढिगातला थोडाच हलवला गेला. उरलेला सप्टेंबर 1848 पर्यंत वितळत राहिला आणि तळ्याला आपलं बहुतेक पाणी परत मिळालं, हे त्यानंच लिहिलं आहे. दोन्ही गोष्टी एकाच प्रकरणात आहेत. परीक्षकानं हे काढलं तर तुझ्याकडे काय उत्तर आहे?

नवा आराखडा इतक्यात पाठवू नकोस. जून 1854 ची वहीतली पानं पाठव, कच्ची असली तरी चालतील. आणि गाइडना मांडणी बदलतेस हे आधी कळव. प्रकरणांची नावं बदलली की कार्यालयात पुन्हा अर्ज करावा लागतो, ते काम पावसाळ्याआधी उरकून घे.

तुझी,
बाई