टॉर्पेडोचा पल्ला आणि पाणबुडीचा डाव : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आजचे टॉर्पेडो (पाण्याखालून धावणारी स्फोटक अस्त्रं) चाळीस-पन्नास किलोमीटर जातात म्हणे. मग पाणबुडी शत्रूच्या एवढी जवळ का जाते?

उत्तर : पल्ला म्हणजे टॉर्पेडो किती धावेल, तो लागेलच असं नाही. ४० नॉट (ताशी सुमारे ७४ किलोमीटर) वेगाच्या टॉर्पेडोला २० किलोमीटर जायला साधारण १६ मिनिटं लागतात. तेवढ्यात २० नॉटने चाललेली नौका १० किलोमीटर पुढे सरकते. मध्येच तिने दिशा बदलली, की सगळं गणित चुकलं. २ मे १९८२ रोजी ब्रिटिश अणुपाणबुडी ‘कॉन्करर’ने अर्जेंटिनाची क्रूझर ‘जनरल बेल्ग्रानो’ बुडवली, ती जेमतेम सव्वा किलोमीटरवरून. तारेने वळवता येणारे नवे टायगरफिश टॉर्पेडो जवळ असूनही तिच्या कप्तानाने सरळ धावणारे जुने मार्क ८ निवडले. तीन सोडले, दोन लागले. ३२३ माणसं गेली.

प्रश्न : आपली युद्धनौका ‘खुकरी’ तर शत्रूची पाणबुडीच शोधत होती ना? मग तीच कशी सापडली?

उत्तर : ९ डिसेंबर १९७१ची संध्याकाळ, दीवजवळचा समुद्र. सोबत ‘किरपाण’ ही दुसरी युद्धनौका होती. ताफ्यातली ‘कुठार’ बिघाडामुळे आधीच बाहेर पडली होती. सोनारच्या (आवाजावरून पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राच्या) चाचणीसाठी ‘खुकरी’ने वेग कमी ठेवला होता. पाकिस्तानी पाणबुडी ‘हंगोर’ला हेच हवं होतं. पाण्याखाली दबा धरून, नुसत्या आवाजाच्या आधारे तिने नेम साधला. पहिला टॉर्पेडो ‘किरपाण’खालून न फुटताच निघून गेला. दुसरा ‘खुकरी’ला लागला आणि काही मिनिटांत ती बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक आपण गमावले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. पाणबुडी आसपास असल्याचं माहीत असताना संथ चालणं हा फार मोठा धोका होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : जहाजावर आवाज ऐकायला यंत्रं असताना पाणबुडी कळत कशी नाही?

उत्तर : वरचं पाणी कोमट, खालचं गार. या दोन थरांच्या सीमेवर ध्वनी वाकतो. त्या थराखाली शिरलेली पाणबुडी वरच्या सोनारला सहजासहजी सापडत नाही.

प्रश्न : टॉर्पेडो जहाजावर आदळतो का?

उत्तर : जुने आदळत. आजचे जड टॉर्पेडो बहुधा जहाजाच्या तळाखाली फुटतात. स्फोटातल्या वायूचा फुगा जहाज मधोमध उचलतो, मग आधार निघून जातो आणि कणा मोडतो.