कॅम्पसवरचा उपक्रम सुट्टीत कोण सांभाळणार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आठ जणांचा गट, सगळे दुसऱ्या वर्षाचे. मेसमधल्या खरकट्याचं खत, वृक्षारोपण, वसतिगृह सोडताना मागे राहणाऱ्या वस्तूंचं पुनर्वाटप आणि ताणात असलेल्यांसाठी विद्यार्थ्यांनीच चालवलेली ऐकून घेण्याची सेवा, हे चारही याच सत्रात सुरू करायचं आहे. क्रम काय ठेवावा आणि प्रशासनाची लेखी परवानगी कशी मिळवावी?

आधी वर्षाचं शैक्षणिक वेळापत्रक एका मोठ्या कागदावर काढा. परीक्षेचे आठवडे, सुट्ट्या आणि शेवटच्या वर्षाची मुलं कॅम्पस सोडतात तो आठवडा लाल करा. मग प्रत्येक कल्पनेपुढे लिहा की लाल आठवड्यांत हे काम कोण करणार. नाव लिहिता आलं नाही तर ती कल्पना या सत्रापुरती बाजूला ठेवा. विद्यार्थ्यांचे उपक्रम मोडतात ते याच आठवड्यांत. खताच्या पेट्या कुणी उलटत नाही, रोपं पाण्यावाचून जळतात, आणि मदतीचा फोन नेमका गरज वाढलेली असताना कुणी उचलत नाही.

या चाळणीत वृक्षारोपण पहिलं गळतं. रोप लावायला एक सकाळ पुरते, पण ते नीट तग धरेपर्यंत दोन-तीन वर्षं पाणी आणि राखण लागते. तोवर तुम्ही आठही जण बाहेर पडलेले असाल. बाग विभागाने पाण्याची जबाबदारी लेखी घेतली तरच त्यात हात घाला.

वस्तूंचं पुनर्वाटप वर्षातून एकदाच, वसतिगृह रिकामं होताना येतं, त्यामुळे ते झेपण्यासारखं आहे. एक कुलूपबंद कोरडी खोली, वस्तू घेण्याचे चार दिवस आणि नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात वाटपाचे दोन दिवस एवढं लागतं. काय घ्यायचं नाही याची यादी मात्र आधी लावा: गाद्या, उशा, हेल्मेट, फुगलेल्या बॅटरीची उपकरणं, वायर सोललेल्या इस्त्र्या आणि किटल्या. ढेकूण याच वाटेने खोल्याखोल्यांत पसरतात. कपडे आणि चादरी ६० अंश सेल्सियसच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, बंद पिशवीत ठेवा. विजेची वस्तू विद्यापीठाच्या वायरमनने तपासून चिठ्ठी लावल्याशिवाय कुणाच्या हातात देऊ नका.

आता मेस. खताच्या पेट्या घेण्याआधी पाच दिवस फक्त वजन करा. तीन वेगळ्या बादल्या ठेवा: एकीत भाज्यांची सालं-देठं, दुसरीत शिजवलेलं पण वाढलंच न गेलेलं अन्न, तिसरीत ताटांतलं खरकटं. तिन्ही एकत्र केलीत तर मोजमापाचा उपयोग संपतो, कारण तिघांवरचे उपाय वेगळे आहेत. दुसरी बादली जड असेल तर जेवणाऱ्यांचा अंदाज चुकतोय. आदल्या रात्री संख्या नोंदवण्याची सोय करा. तिसरी जड असेल तर वाढायचा डाव लहान करा, अर्धं वाढून घ्यायची मुभा द्या, चव बघायला चमचाभर आधी द्या. रिकाम्या बादलीचं वजन तिच्यावरच रंगाने लिहून ठेवा, खरकटं चाळणीत पाच मिनिटं निथळू द्या आणि मग ताणकाट्याला लावा. निथळलं नाही तर तुम्ही पाणीच मोजत बसाल. जेवणाऱ्यांची संख्या लिहायला विसरू नका. माणशी किती ग्रॅम हाच आकडा पुढे कामाला येतो. बदलानंतरची तुलना त्याच मेन्यूच्या दिवसांशी करा.

या आठवड्यात बादलीपाशी उभं राहून कुणाच्या ताटाकडे बघू नका, टाकणाऱ्याला टोकू नका, फोटो तर अजिबात काढू नका. खाण्याशी ज्यांचं नातं आधीच दुखरं आहे अशी मुलं प्रत्येक मेसमध्ये असतात, आणि ताटावरची नजर त्यांना जेवण टाळायला लावते. आकडा फलकावर लावायचा तो पूर्ण मेसचा. अन्न वाचवण्याच्या नादात माणसाला दुखावणं हा या कामातला सर्वात टाळण्यासारखा दोष आहे.

वजन हातात आलं की खताचं गणित मांडा. समजा ३०० जण जेवतात आणि माणशी ८० ग्रॅम उरतं. म्हणजे दिवसाला २४ किलो, साधारण ४० लिटर. त्यात आकारमानाने दुप्पट ते अडीचपट सुका पाला लागतो, म्हणजे रोज ८० ते १०० लिटर. आठवड्याचे सहा दिवस आणि सोळा आठवड्यांचं सत्र धरलं तर पाल्याची गरज साडेसात ते साडेनऊ हजार लिटरवर जाते. बहुतेक गट इथेच फसतात. ओला कचरा रोज येतो, पाला वर्षातून काही आठवडेच गळतो. पाला संपला की ओल्यावर ओलं पडत जातं, हवा कोंडते, दुर्गंधी सुटते आणि आठवडाभरात तक्रार होऊन प्रकल्प बंद होतो. म्हणून पहिल्या सत्रात एकूण खरकट्याचा चौथा हिस्साच घ्या, रोज सहा किलो. त्याला सत्रभर सुमारे अडीच हजार लिटर पाला पुरतो. तो पोत्यांत भरून छपराखाली रचून ठेवा, आणि पोती रचून होईपर्यंत पहिली बादली ओतू नका.

पेट्या तीन, प्रत्येकी एक मीटर लांब, रुंद, उंच. यापेक्षा लहान पेटीत उष्णता टिकत नाही. एक भरायची, दुसरी तापायची, तिसरी मुरायची. बाजूंना फटी हव्यात, खाली आणि फटींवर ६ मिलिमीटर छिद्रांची लोखंडी जाळी हवी, नाहीतर उंदीर येणारच. तळाला जाडसर काटक्यांचा १५ सेंटिमीटर थर द्या. रोजचं खरकटं मधोमध खड्डा करून टाकायचं, पाल्यात कालवायचं आणि वर १० सेंटिमीटर कोरडा पाला पसरायचा. हे वरचं पांघरूण चुकलं की माश्या होतात. मांस, हाडं, दुधाचे पदार्थ आणि तळणीचं तेल पहिल्या वर्षी घेऊ नका.

कर्ब-नत्र गुणोत्तर, म्हणजे मिश्रणातल्या कार्बनचं नायट्रोजनशी प्रमाण, २५ ते ३० ला १ असावं असं सगळीकडे वाचायला मिळतं. ते बरोबर आहे, पण पेटीपाशी उभं राहिल्यावर नाक आणि मूठच कामाला येते. मूठभर मिश्रण घट्ट दाबा: बोटांमधून एक-दोन थेंब आले तर ओल योग्य, धार लागली तर पाला वाढवा, मूठ उघडताच भुगा झाला तर पाणी शिंपडा. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे ओलं जास्त आणि पाला कमी. कुजक्या अंड्यांचा वास म्हणजे आत हवा नाही. त्यावर उपाय फक्त उलटणं, सुगंधी फवारे नाहीत.

रोज थोडं थोडं भरलेली पेटी हळू तापते. भरल्यावर तिचा सगळा माल दुसरीत उलटला की खरी ऊब धरते. अर्धा मीटर दांड्याचा तापमापक मध्यभागी खुपसून रोज नोंद करा. ५५ ते ६५ अंश हवेत, आणि ५५ च्या वर सलग तीन दिवस तरी, म्हणजे रोगजंतू मरतात. कडेचा माल आतल्याइतका तापत नाही, म्हणून प्रत्येक उलटणीत कडेचं आत आणि आतलं कडेला गेलं पाहिजे. ६५ च्या वर चढलं की लगेच उलटा, नाहीतर काम करणारे जिवाणूही मरू लागतात. ४५ च्या खाली उतरलं तरी उलटा. उलटूनही तापत नाही, वास मातीसारखा झाला, की तिसऱ्या पेटीत किमान महिनाभर मुरू द्या. मुरलं की नाही हे ओळखायला ओलसर खत बंद पिशवीत तीन दिवस ठेवा. उघडल्यावर आंबूस किंवा झोंबरा वास आला तर अजून थांबा. शिवाय लवकर उगवणारं बी घेऊन २० दाणे निम्मं खत मिसळलेल्या मातीत आणि २० नुसत्या मातीत पेरा. खताच्या कुंडीत उगवण स्पष्टपणे कमी दिसली तर ते खत झाडांना घालू नका.

लाल आठवड्यांचा तोडगा पेटीसाठी सोपा आहे. सुट्टीच्या दहा दिवस आधी भरणं बंद करा, एकदा उलटा, जाड पाल्याने झाका. मोठ्या सुट्टीत आठवड्यातून एकदा बघायला कर्मचारी हवा असेल तर ते काम त्याच्या कामाच्या वेळेत, मेहनतान्यासह, लेखी ठरवून द्या. सफाई कामगारांना गृहीत धरून हे त्यांच्या डोक्यावर टाकणं अन्यायाचं आहे, आणि अशी व्यवस्था टिकतही नाही.

परवानगीचा अर्ज एका पानाचा करा. नेमकी जागा (नकाशावर खूण करून), पाण्याचा नळ, दरवाज्यांपासून आणि खिडक्यांपासूनचं अंतर, जबाबदार दोघांची नावं, खर्च आणि सहा आठवड्यांनी कोणता आकडा दाखवाल ते लिहा. शेवटचा परिच्छेद सर्वात महत्त्वाचा: आम्ही थांबलो तर पेट्या कोण हलवणार, माल कुठे जाणार, जागा किती दिवसांत मोकळी होणार. अधिकाऱ्यांना भीती असते ती विद्यार्थी सोडून गेल्यावर उरणाऱ्या ढिगाऱ्याची. तिचं उत्तर अर्जातच असेल तर सही लवकर होते. आणखी बळ हवं असेल तर नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्ट विद्यापीठाचा दाखला द्या: तिथे २०१० मध्ये पर्यावरणाची कामं बघणारं, विद्यार्थ्यांनी चालवायचं ‘ग्रीन ऑफिस’ विद्यापीठाच्या रचनेतच बसवलं गेलं, त्याला जागा आणि निधी मिळाला. २०१५ चा ओकानागन जाहीरनामाही जोडा. विद्यापीठांनी माणसांचं आणि पृथ्वीचं आरोग्य मिळून जपावं अशी त्याची हाक आहे.

मनःस्वास्थ्याचा पहिला उपक्रम याच पेट्यांपाशी उभा राहतो. आठवड्यातून एक ठरलेला वार, ठरलेली वेळ, ४५ मिनिटं. पाला चुरणं, चाळणं, वजन लिहिणं अशी छोटी कामं चिठ्ठ्यांवर लिहून ठेवा, म्हणजे नवखा माणूस कुणाला काही न विचारता सुरू होऊ शकतो. हजेरी नको, ओळखपरेडही नको. एकटं पडलेल्या मुलाला ‘येऊन मन मोकळं कर’ म्हटलं तर तो येत नाही, ‘ही चाळणी धर’ म्हटलं तर येतो. पण याला उपचार म्हणू नका. उपचाराची गरज असलेल्याला यावर सोडून देणं धोक्याचं आहे.

ऐकून घेण्याची सेवा त्यामुळेच वेगळी आणि कडक शिस्तीची ठेवा, आणि ती पुढच्या सत्रात सुरू करा. इंग्लंडमध्ये एसेक्स विद्यापीठात १९७० साली सुरू झालेली ‘नाइटलाइन’ हा तिचा जुना नमुना आहे: रात्री विद्यार्थीच विद्यार्थ्यांचं ऐकतात, सल्ला देत नाहीत, नाव विचारत नाहीत. आठवड्यातून चार संध्याकाळी, प्रत्येक वेळी दोघं, आणि प्रत्येकाला पंधरवड्यातून एकच पाळी असं धरलं तर १६ जण लागतात. आठ जणांत हे सुरू केलंत तर परीक्षेआधीच सगळे थकतील. या सत्रात १६ जण निवडा आणि विद्यापीठाच्या समुपदेशकाकडून किमान २० तासांचं प्रशिक्षण घ्या, त्यातला अर्धा वेळ प्रत्यक्ष संवादाच्या सरावाचा. समुपदेशक दर पंधरवड्याला गटाबरोबर बसायला तयार नसेल तर सेवा सुरूच करू नका.

नियम थोडे पण न वाकणारे हवेत. स्वतःचा नंबर द्यायचा नाही. संपूर्ण गुप्ततेचं वचन द्यायचं नाही. ‘जिवाला धोका वाटला तर मी मदत बोलावेन’ हे पहिल्याच मिनिटात सांगायचं. बोलण्यातून आत्महत्येची शंका आली तर आडवळण न घेता विचारायचं, ‘तुझ्या मनात जीव संपवायचा विचार येतोय का?’ असं विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही हे संशोधनातून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं तर एकाने बोलत राहायचं, दुसऱ्याने तातडीची मदत बोलवायची. पाळीवर दोघं हवेत ते यासाठी. पाळी संपल्यावर दोघांनी १५ मिनिटं आपसात बोलून मगच खोलीवर जायचं.

परीक्षेच्या काळात मागणी वाढते आणि ऐकणाऱ्यांच्याही परीक्षा असतात. तेव्हा चारऐवजी दोन संध्याकाळी ठेवा, पण ते तीन आठवडे आधी जाहीर करा आणि बंद दिवसांसाठी कायम चालू असलेल्या मदतसेवांचे क्रमांक त्याच फलकावर द्या. ‘चोवीस तास’ असं कधीही लिहू नका.

परिणाम मोजायला डब्ल्यूएचओ-५ ही जागतिक आरोग्य संघटनेची, मनःस्थितीबद्दलची पाच प्रश्नांची प्रश्नावली पुरते. प्रत्येक उत्तराला ० ते ५ गुण, बेरजेला ४ ने गुणायचं, म्हणजे १०० पैकी आकडा मिळतो. ५० पेक्षा कमी म्हणजे मनःस्थिती चांगली नाही असा इशारा. निनावी भरून घ्या, तिच्यासोबत मदतीचे क्रमांक द्या आणि पाचापेक्षा लहान गटाचे आकडे प्रसिद्ध करू नका, माणूस ओळखू येतो. सत्राच्या सुरुवातीची तुलना परीक्षेच्या आठवड्याशी केलीत तर उपक्रमाने सगळ्यांना दुःखी केलं असा निष्कर्ष निघेल. यंदाचा अमुक आठवडा पुढच्या वर्षीच्या त्याच आठवड्याशीच ताडून बघा.

तिसऱ्या वर्षात गेल्यावर सूत्रं खालच्या वर्गाकडे द्या आणि ती परीक्षेच्या महिनाभर आधी द्या. नव्या माणसाने प्रत्येक काम दोनदा स्वतः करायचं, जुन्याने हात न लावता बाजूला उभं राहायचं. कागदावर न उतरलेल्या गोष्टी तेव्हाच बाहेर येतात. किल्ल्या, गटाच्या ईमेलचा पासवर्ड, वायरमनचा आणि समुपदेशकाचा संपर्क, पाल्याची पोती मिळण्याची जागा हे सगळं एका वहीत लिहा. ती वही पेट्यांपाशी पत्र्याच्या डब्यात ठेवा, पासवर्डाचं पान तेवढं वेगळं, कुलपात.