"तेवढंच खातेय, तरी वजन का वाढतंय?"

चाळिशी ओलांडलेल्या बायका आहाराच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकींचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मॅडम, खाणं आहे तेवढंच आहे, तरी वजन वाढतच चाललंय." आणि त्याला जोडून लगेच दुसरं, "घरात कुणाला खरं वाटत नाही." पहिल्यापेक्षा या दुसऱ्या वाक्यानं त्या जास्त खचलेल्या असतात.

त्यातल्याच एका ताईंबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय 47. सोलापुरात युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात आधी मशीनवर होत्या, आता कटिंगचा हिशोब बघतात. पस्तिशीत वजन 62 किलो होतं, माझ्याकडे आल्या तेव्हा 73. मधे पुतण्याच्या लग्नाआधी रात्रीचं जेवण बंद करून 6 किलो उतरवले होते, ते वर्षाच्या आत परत चढले. सासूबाईंचं म्हणणं, ही चोरून खाते. "माझ्या ताटावर नजर ठेवायलेत ओ सगळे," ताई म्हणाल्या. आवाजात रडू नव्हतं, संताप होता.

आधी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. वजनाचं बोलण्याआधी थायरॉइड, साखर, चालू असलेली औषधं बघून घ्यावीत, यावर मी तडजोड करत नाही. थायरॉइड ठीक निघालं. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा (HbA1c) 6.0 आला, म्हणजे मधुमेह नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर. कंबर 92 सेंटीमीटर. आपल्याकडच्या बायकांसाठी 80 च्या पुढे काळजी घ्यायला सांगतात.

मग कागदावर हिशोब मांडला. 12 वर्षांत 11 किलो. एक किलो चरबीला ढोबळमानानं 7700 कॅलरी धरल्या, तर रोजची शिल्लक येते 20 कॅलरींच्या आसपास. म्हणजे अर्धा छोटा चमचा तेल. शरीराचा खरा हिशोब इतका सरळ नाही, वजन वाढलं की शरीराचा रोजचा खर्चही वाढतो. पण मुद्दा तेवढ्यानंही कळतो. इतका बारीक फरक ना ताईंना दिसला असता, ना ताटावर नजर ठेवणाऱ्यांना. चोरून खाण्याचा आरोप इथेच गळून पडतो.

पण खाणं खरंच तेवढंच असेल, तर ही शिल्लक येते कुठून?

चरबी म्हणजे एकदा भरलं आणि पडून राहिलं, असं नसतं. पेशींत रोज चरबी साठते आणि रोज बाहेरही काढली जाते. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या पीटर आर्नर, कर्स्टी स्पाल्डिंग आणि सहकाऱ्यांनी 54 स्त्री-पुरुषांच्या चरबीचे नमुने सरासरी 13 वर्षांच्या अंतरानं तपासले. पन्नास-साठच्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला किरणोत्सारी कार्बन अन्नावाटे सगळ्यांच्या शरीरात गेला होता. त्याच्या प्रमाणावरून चरबीचं वय काढता येतं. 2019 मध्ये निष्कर्ष आले. वय वाढलं तसा चरबी बाहेर काढण्याचा वेग सगळ्यांचाच मंदावला होता, वजन वाढलेल्यांचा आणि घटलेल्यांचाही. ज्यांनी त्या मानानं खाणं कमी केलं नाही, त्यांचं वजन सरासरी 20 टक्क्यांनी वाढलं. माणसं थोडी होती आणि स्वीडनची होती, हे मी ताईंनाही सांगितलं.

त्यांचं माहेर मंगळवेढ्याकडचं. ऐकता ऐकता त्या म्हणाल्या, "म्हणजे जमिनीतल्या धान्याच्या पेवासारखं. ज्वारी दरवर्षी तेवढीच टाकायची, पण काढायचा हात मंदावला तर पेव भरतच जाणार." मला इतकं सोपं करून सांगता आलं नसतं.

लग्नाआधी उतरलेले 6 किलो परत का आले, याचंही उत्तर याच पेशींत आहे. वजन घटलं की चरबीच्या पेशी लहान होतात, संख्येनं कमी होत नाहीत. लहान झालेल्या पेशी लेप्टिन हे संप्रेरक कमी सोडतात, त्यामुळे मेंदूला साठा आटल्याचा निरोप जातो आणि भूक वाढते. ताई सात वर्षं स्वतःला "मनाची कच्ची" म्हणत होत्या. उपाशी राहून उतरवलेल्या वजनाबद्दल कुणालाही असं म्हणताना ऐकलं की मला फार वाईट वाटतं.

पुढच्या भेटीला पतीलाही बोलावलं. तोच हिशोबाचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "आईशी मी बोलतो." माझ्या मते उपचाराचा अर्धा भाग त्या दिवशी झाला. टोमणे ऐकत जेवणारी बाई आहार बदलू शकत नाही, निदान टिकवू तरी शकत नाही.

बदल ताईंनीच निवडले. ज्वारीची भाकरी सोडायची नाही, हे त्यांनी आधीच बजावलं आणि ती सोडायची गरजही नव्हती. आठवडाभर लिहून काढल्यावर दिसलं की शेंगाचटणी दोन्ही वेळा होती, वर तेल घालून. 25 ग्रॅम शेंगदाण्यांत 140 च्या आसपास कॅलरी असतात. चटणी एका वेळेवर आली, तेलाऐवजी दही आलं. कारखान्यातला चहा तीनवरून दोनवर. ऊन उतरल्यावर सिद्धेश्वर तलावाकडे चालणं, आणि घरी पाण्याच्या बाटल्या उचलून हातापायांचा व्यायाम. व्यायामानं चरबी साठण्याची-काढण्याची उलाढाल वाढते, असं आधीच्या अभ्यासांत दिसलं आहे. स्नायू टिकले तर साखरेलाही फायदा होतो.

वर्षानंतर वजन 70, कंबर 87, तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा 5.7. मैत्रिणींना हे थोडं वाटलं. मला हे पुरेसं वाटतं, कारण वाढ थांबली आहे आणि ताई पोटभर जेवतात.

गेल्या भेटीत त्यांनी मुलीचं विचारलं. ती 13 वर्षांची आहे, थोडी गुटगुटीत. "हिला आत्तापासूनच कमी खायला घालू का?" मी नको म्हटलं. चरबीच्या पेशींची संख्या बरीचशी लहानपणी आणि किशोरवयात ठरते, म्हणून हे वय महत्त्वाचं आहे. पण वाढत्या मुलीचं ताट अर्धं करण्यातून अशक्तपणा आणि चोरून खाणं याखेरीज काही हाती लागत नाही. रोज मैदानावर खेळू द्या, रात्री वेळेत झोपू द्या, गोड सरबतं आणि पाकिटातला खाऊ घरात आणू नका, आणि तिच्यासमोर तिच्या वजनाबद्दल कुणी बोलायचं नाही, आजीनंसुद्धा.