साठेक सर्व्हर आहेत, एजंट टाकावा की एजंटलेस मॉनिटरिंग पुरेल?

निम्मे विंडोज, दोन गावांत विभागलेले, असं तुम्ही लिहिलंय. एजंट टाका, म्हणजे प्रत्येक सर्व्हरवर आकडे गोळा करून पाठवणारा छोटा प्रोग्राम. एजंटलेसमध्ये सर्व्हरवर काहीच नसतं, मॉनिटरिंग सर्व्हर बाहेरून विचारत राहतो. याच प्रश्नावर मी एका साहेबांशी वर्षानुवर्षं भांडलोय.

साहेबांचं पालुपद एकच: "सर्व्हरवर काही टाकलंच नाही, तर धोका कसला?" मग डब्ल्यूएमआय आलं, म्हणजे विंडोजला बाहेरून माहिती विचारायची सोय. त्यासाठी फायरवॉलवर पोर्ट १३५ उघडा, वर ४९१५२ ते ६५५३५ ही अख्खी रेंज (कमी करता येते, पण करतंय कोण!). शिवाय सोयीसाठी डोमेन ॲडमिनचा (सगळ्या विंडोज मशिनांवर हुकूम चालणाऱ्या खात्याचा) पासवर्ड मॉनिटरिंग सर्व्हरवर. पाहुणा घरात नको म्हणून सगळ्या किल्ल्या वॉचमनच्या खिशात!

एका रात्री चाकणच्या प्लांटची लिंक गेली. सकाळी बघतो तर तिथल्या डेटाबेसची लॉग ड्राइव्ह भरलेली, डिस्पॅच ठप्प, गेटवर ट्रकांची रांग. ग्राफ नेमका त्याच तासांत कोरा. पोलिंग (ठरावीक वेळाने विचारणं) पुण्यातून, लिंकच नाही तर आकडे येणार कुठून? साहेबांनी लिंकवाल्यावर खापर फोडून फाइल बंद केली. पण तिथल्याच लिनक्स ॲप सर्व्हरवर मी रीतसर परवानगी काढून झॅबिक्स या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरचा एजंट २ ॲक्टिव्ह मोडमध्ये ठेवला होता, म्हणजे विचारायची वाट न बघता तो स्वतःच आकडे पाठवतो. लिंक येताच त्याने साठवलेले आकडे पुण्याच्या सर्व्हरच्या पोर्ट १००५१ वर ढकलले. पुण्याशी बोलणं होत नाही म्हणून इम्पोर्टचा जॉब रात्रभर फेल होऊन पुन्हा पुन्हा सुरू होत होता आणि त्यानेच लॉग भरत होता, हे त्यात मिनिटागणिक दिसलं. हे कळलं नसतं आणि लिंक दुसऱ्या दिवशीही गेली असती, तर ड्राइव्ह पुन्हा भरली असती. (आकडे साठवणारा एजंटचा डिस्कवरचा बफर मुद्दाम चालू करावा लागतो आणि मुदत डीफॉल्टने एकच तास असते. वाढवा.)

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशिन झोपली, तेव्हा साहेबांचा मेसेज आलाच: "बघ तुझे एजंट!" अहो, ते कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) बसणारं प्रकरण. लिनक्सवर झॅबिक्सचा एजंट साध्या युजरने चालतो. आणि २०२० साली सोलरविंड्स ओरायन या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून हॅकर शिरले, ते थेट मध्यवर्ती मॉनिटरिंग सर्व्हरवरच. त्यावर साहेबांचं उत्तर अजून यायचंय.

हां, स्विच, राउटर, यूपीएसवर एजंट बसत नाही. तिथे एसएनएमपीच (अशा उपकरणांना आकडे विचारायची ठरलेली पद्धत), तेही व्ही३. जुन्या व्ही२सीची कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे तिचा पासवर्डच, नेटवर्कवर उघडी जाते. व्हेंडरच्या सपोर्ट करारात एजंटला मनाई असेल तर तेवढी मशिनं एजंटलेस ठेवा. आणि ॲन्सिबल किंवा ग्रुप पॉलिसी (अनेक मशिनांवर एकदम बदल करायची साधनं) नसेल तर आधी ती लावा, नाहीतर प्रत्येक अपग्रेडला साठ मशिनांवर हाताने लॉगिन करत बसाल.