हातातली पिशवी परत मागा

ताई,
माझे वय ६८ आहे. दोन वर्षांपूर्वी पती गेले आणि तेव्हापासून मी मुलगा, सून आणि नातवाबरोबर राहते. आठ महिन्यांपूर्वी बाथरूममध्ये पडले. हाड मोडले नाही, पण त्या दिवसापासून घरात मला कशालाही हात लावू देत नाहीत. पिशवी उचलली की नातू ती काढून घेतो, जिन्याकडे वळले की सून मागे धावते. सगळे मनाने इतके चांगले आहेत की तक्रार करायचीही लाज वाटते. हल्ली खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागतो, पूर्वी असे नव्हते. ऐकूही कमी येते, म्हणून गप्पा रंगल्या की मी उठून खोलीत जाते. माझी आई शेवटची सहा वर्षे अंथरुणाला खिळून होती. मला मरणाची भीती वाटत नाही, त्या अंथरुणाची वाटते. दीर्घायुष्याच्या सवयींबद्दल रोज काहीतरी वाचते, पण या वयात आता त्यांचा उपयोग होईल का? आणि मुलांना न दुखावता हे सांगू कसे?
– अंथरुणाला भिणारी

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची माहिती तुम्ही जाता जाता लिहून टाकली आहे. खुर्चीतून उठताना हातांचा रेटा लागतो आणि पूर्वी तो लागत नव्हता, ही ती माहिती. खुर्चीतून उठणे हे प्रामुख्याने मांडीच्या पुढच्या आणि नितंबांच्या स्नायूंचे काम आहे, आणि जिना चढणे, घसरता पाय सावरणे, कमोडवरून उठणे हीही त्याच स्नायूंची कामे आहेत. तिशीनंतर दर दशकात शरीरातील स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ही घट कुणालाच चुकत नाही, परंतु आठ महिन्यांत जाणवावी इतकी घट केवळ वयामुळे होत नाही, ती बहुधा स्नायू न वापरल्यामुळे होते. सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना फक्त १० दिवस अंथरुणावर ठेवल्यावर त्यांच्या पायांतील चरबी सोडून उरलेले वजन, म्हणजे मुख्यतः स्नायू, जवळपास एक किलोने घटले, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात दिसले. तुम्ही हिंडत्या-फिरत्या आहात, हे खरे. पण दिवसाचा बराच वेळ खुर्चीत बसवून ठेवलेले माणूस त्याच वाटेने जात असते, फक्त सावकाश. ज्या अंथरुणाची तुम्हाला धास्ती आहे त्याच्या दिशेने घरातली माणसे काळजीपोटीच तुम्हाला रोज थोडे थोडे सरकवत आहेत. हे वाक्य लिहिताना मला बरे वाटत नाही, परंतु ते तुम्हाला कुणीतरी स्पष्टपणे सांगायला हवे होते.

या वयात उपयोग होईल का, या प्रश्नाचे उत्तर मी एका जुन्या प्रयोगातून देते. १९९० मध्ये बोस्टनमधील एका वृद्धाश्रमातल्या १० अशक्त रहिवाशांकडून मांडीच्या स्नायूंचा वजन उचलण्याचा व्यायाम आठ आठवडे करून घेण्यात आला. त्यांचे सरासरी वय ९० होते. ज्या नऊ जणांनी तो पूर्ण केला त्यांच्या स्नायूंची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे अडीचपटीहून अधिक झाली. दहा माणसांच्या प्रयोगावर एरवी मी फार भिस्त ठेवत नाही, परंतु पुढच्या काळात झालेल्या मोठ्या अभ्यासांतही म्हाताऱ्या स्नायूला व्यायामाची भाषा समजते असेच दिसत आले आहे. आणि तुम्ही तर त्या मंडळींपेक्षा तब्बल २२ वर्षांनी लहान आहात.

आईच्या आजारपणाचेही सांगते. डेन्मार्कमध्ये १८७० ते १९०० या काळात जन्मलेल्या जुळ्या भावंडांच्या २८७२ जोड्यांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसामाणसांच्या आयुर्मानात जो फरक पडतो, त्याचा साधारण चौथा हिस्सा आनुवंशिकतेचा असतो, असा त्याचा निष्कर्ष होता. त्या आकड्यावर संशोधकांत वाद आहेत, पण आईचे अंथरूण मुलीला वारसाहक्काने मिळते असे त्यांच्यापैकी कुणीच म्हणत नाही.

व्यायामाला हात घालण्यापूर्वी एक काम मात्र करायला हवे, आणि ते आठ महिने राहून गेले असावे अशी मला शंका आहे. तुम्ही का पडलात, हे कुणी शोधले का? पाय घसरला, असे आपण सगळेच म्हणतो आणि विषय संपवतो. डॉक्टरांकडे जाताना सध्या घेत असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, कारण झोपेच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी तोल जाऊ शकतो. रक्तदाब आडवे असताना आणि उभे राहिल्यावर असा दोन्ही वेळा मोजायला सांगा. उभे राहताच तो एकदम खाली येत असेल तर भोवळ येते आणि ती घसरल्यासारखीच भासते. डोळे, पावलांची संवेदना आणि हाडांची घनता यांचीही तपासणी करून घ्या. ६५ वर्षांवरील स्त्रियांनी हाडांची घनता तपासून घ्यावी अशी शिफारस आहेच. ही भेट आटोपण्याआधी डॉक्टरांना एवढेच विचारा की, मी ताकदीचा व्यायाम करू का, आणि तो शिकवायला कोणता फिजिओथेरपिस्ट गाठू?

परवानगी मिळाली की खुर्चीपासूनच सुरुवात करा. पाठ भिंतीला टेकवलेली, हलणार नाही अशी, हात असलेली खुर्ची घ्या. थोडे पुढे सरकून बसा, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे आणा आणि नाक पावलांच्या बोटांवर येईल इतके पुढे झुकून उठा. सुरुवातीला खुर्चीच्या हातांचा आधार खुशाल घ्या, मात्र तो दर आठवड्याला थोडा कमी करत जा. खरी मेहनत बसण्यात आहे. मनात तीन आकडे मोजत सावकाश खाली या, धपकन बसू नका. हे उत्तर लिहिता लिहिता मी स्वतःही करून पाहिले. चौथ्या खेपेला मी नेमकी धपकन बसले, आणि कुरकुर खुर्चीने केली की माझ्या गुडघ्याने, याचा निकाल अजून लागलेला नाही. त्याखेरीज ओट्याला दोन्ही हातांनी धरून टाचा उचलणे, पुढे त्याच आधाराने एका पायावर काही क्षण उभे राहणे, आणि पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे, एवढ्यावर पहिले दोन महिने निघतील. सर्व प्रकारच्या व्यायामांवरील अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये घेतला गेला, तेव्हा व्यायाम करणाऱ्या ज्येष्ठांमध्ये पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी कमी आढळले. त्यात तोल सांभाळण्याच्या व्यायामांचा वाटा मोठा होता. ही माहिती मुलाला अवश्य सांगा, कारण तुम्ही हालचाल केली नाही तरच पडणार नाही, असे तो समजून चालला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचे व्यायाम आणि तीन किंवा अधिक दिवस तोल व ताकद यांवर भर देणारे व्यायाम सांगितले आहेत. यातले चालणे तेवढे लोक लक्षात ठेवतात आणि बाकीचे विसरतात. दहा हजार पावलांचा हट्टही धरू नका. तो आकडा १९६० च्या दशकात जपानमध्ये विक्रीला आलेल्या पावले मोजण्याच्या एका यंत्राच्या नावातून रूढ झाला, आणि साठीपुढच्या माणसांना मिळणारा लाभ सहा ते आठ हजार पावलांच्या आसपासच स्थिरावतो असे २०२२ मधील एका मोठ्या विश्लेषणात दिसले आहे.

व्यायामाला प्रथिनांची जोड लागते. ज्येष्ठांसाठी दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने सुचवली जातात, म्हणजे वजन ६० किलो असेल तर ६० ते ७२ ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तेवढीच. दीर्घायुष्याच्या गोळ्यांच्या जाहिराती तुमच्याही वाचनात येत असतील. तपासणीत कमतरता आढळली असेल तर तेवढी गोळी घ्या, बाकीच्या मोहात पडू नका. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या देऊन पाहिल्या, तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी वाढला, हे १९९४ मध्येच प्रसिद्ध झाले आहे. तंबाखूचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही. परंतु हे उत्तर वाचणाऱ्या इतर साठीच्या मंडळींसाठी नोंदवते की, ब्रिटिश डॉक्टरांच्या ५० वर्षे चाललेल्या अभ्यासात साठाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्यांनाही सुमारे तीन वर्षांचे आयुष्य अधिक मिळाले.

ऐकू कमी येण्याची गोष्ट तुम्ही ज्या सहजपणे लिहिली आहे, ती मला मुळीच सहज वाटत नाही. २०२४ मध्ये लॅन्सेट नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता किंवा सुधारता येण्याजोगी १४ कारणे मांडली, त्यांत श्रवणदोष आहे आणि एकाकीपणाही आहे. पहिला दुसऱ्याला कसा जन्म देतो ते तुम्ही स्वतःच लिहिले आहे: शब्द निसटतात, पुन्हा पुन्हा 'काय म्हणालात' असे विचारायचा संकोच वाटतो, आणि माणूस उठून खोलीत जातो. पतीच्या पश्चात घरातली हीच माणसे तुमच्या सोबतीला आहेत. कानाची तपासणी करून घ्या. मळ साचला असेल तर तो काढून प्रश्न मिटेल, आणि यंत्र लागत असेल तर ते बिनदिक्कत घ्या. चष्मा लावताना आपण लाजत नाही.

आता मुलांविषयी. फरशीवर पडलेल्या तुम्ही होतात, परंतु तुम्हाला तसे पडलेले त्यांनी पाहिले आहे, आणि ते दृश्य तुमच्या डोळ्यांसमोर कधी आलेलेच नाही. दुधाने पोळलेला ताकही फुंकून पितो, तशी त्यांची अवस्था आहे. 'मी धडधाकट आहे' असे सांगून त्यांचे समाधान होणार नाही, म्हणून आधी त्यांना काहीतरी द्या. बाथरूममध्ये भिंतीला घट्ट बसवलेले आधाराचे दांडे, न घसरणारी चटई, रात्रीचा मंद दिवा, सैल सपातांना निरोप आणि जवळ सतत फोन, एवढे सगळे तुम्ही आपणहून सुचवा. डॉक्टरांच्या भेटीला मुलाला बरोबर न्या आणि व्यायाम करायचा सल्ला त्याला डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू द्या. त्यानंतर शांतपणे म्हणा, "तुम्ही माझी किती काळजी घेता ते मला दिसते. पण जे करायचे मी सोडते ते मला पुन्हा जमेनासे होते, हेही दिसू लागले आहे. मला करू द्या, तुम्ही शेजारी उभे राहा." ही तक्रार नव्हे, विनंती आहे, त्यामुळे लाज वाटण्याचे कारण नाही.

एकदम सगळी कामे मागू नका. आधी स्वतःची पिशवी स्वतः उचलण्याचे आणि कठडा धरून दिवसातून एकदा जिना चढण्या-उतरण्याचे मागा. सूनबाईंना मागे धावायचेच असेल तर त्यांनी चढताना आणि उतरतानाही तुमच्या खालच्या पायरीवर राहावे, मात्र हात लावू नये. नातवाला समजावत बसण्यापेक्षा पिशवीचा एक बंद त्याच्या हातात द्या.

आणि पहिल्या दिवशी एक चाचणी करा. हात छातीवर दुमडून ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उभे राहता येते, ते मोजायचे. हातांचा रेटा दिला तर शून्य धरतात. ६५ ते ६९ वयाच्या स्त्रियांमध्ये ११ पेक्षा कमी आकडा आला तर तो सरासरीखालचा मानला जातो. तुमचा आज शून्य येईल, तर कॅलेंडरवर शून्यच लिहा, पुढची तारीख महिन्याभरानंतरची घाला, आणि दोन्ही वेळा घड्याळ सूनबाईंच्या हातात द्या.

तुमची,
ताई