तबकडीत खोट आहे की बँडच तसा वाजतो?

तुम्ही लिहिलंय की स्लोडाइव्ह या बँडच्या २०१७ च्या पुनरागमनाच्या अल्बमची रेकॉर्ड मागवलीत, शेवटच्या ‘फॉलिंग ॲशेस’मध्ये पियानो हेलकावे खातो आणि दुकानवाले म्हणतात, ‘शूगेझ (म्हणजे गिटारच्या धूसर गदारोळाचा हा रॉक प्रकार) असंच असतं.’ हे वाचलं आणि माझं डोकं पुन्हा एकदा फिरलं.

सुई साफ आहे, वजन बरोबर आहे, हे धरूनच चालतो. बाकीच्या रेकॉर्ड्स सरळ वाजत असतील तर खोट या तबकडीतच, आणि बहुतेक तिचं भोक मधोमध नाही. मग दर फेऱ्याला सूर एकदा चढतो, एकदा उतरतो. ३३⅓ च्या वेगाला एक फेरा १.८ सेकंदांचा. आतल्या बाजूला खाचेचं वर्तुळ लहान होत जातं, म्हणून तेवढंच सरकलेलं भोक तिथे जास्त छळतं. आणि नेमका तिथेच हा आठेक मिनिटांचा पियानो येऊन बसलाय. गिटारच्या गदारोळात खपून गेलं असतं, पियानोत खपत नाही.

तुमचं त्या मानाने सोपं आहे हो. माझी भानगड माय ब्लडी व्हॅलेंटाइन या शूगेझ बँडच्या ‘एम बी व्ही’ या अल्बमची. त्यांचा आधीचा ‘लव्हलेस’ १९९१ चा, हा २०१३ चा. मधली सगळी वर्षं ‘येतोय, येतोय’ ऐकण्यात गेलेली. त्यात त्यांचा गिटारवादक केव्हिन शील्ड्स ट्रेमोलो आर्म (सूर वाकवायची गिटारवरची दांडी) हातात धरूनच गिटार छेडतो, सूर मुद्दाम वाकवतो. दुकानाला आयतीच पळवाट मिळाली. नाव घेत नाही, पण त्यांचा तक्रार विभाग म्हणजे कहर होता. आधी ‘रेकॉर्ड पुसून बघा’, मग ‘सुई बदला’, मग ‘कलाकाराचा हेतू लक्षात घ्यावा’. दर उत्तराखाली नवं नाव, आणि दर नव्या माणसाला ऑर्डर क्रमांक पुन्हा हवा. ध्वनिमुद्रण मागितलं, पाठवलं. उत्तर आलं की गिटारचा आवाज फाटलेला आहे खरा, पण मूळ अल्बममध्येही तो तसाच आहे. अहो, मी फाटण्याबद्दल बोलतच नव्हतो! या सगळ्या घोळात परताव्याची मुदत संपली, आणि तेवढं एक पत्र मात्र तत्परतेने आलं.

म्हणून सांगतो, आवाजावर वाद घालूच नका. शील्ड्सचं वाकवणं त्याच्या हाताच्या लयीत चालतं, गाणं बदललं की बदलतं. भोकाची खोट गाण्याला जुमानत नाही. दोन गाण्यांमधल्या रिकाम्या पट्टीतही टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, डावी-उजवीकडे झुलत राहतो. फोन स्थिर ठेवून त्याचाच व्हिडिओ काढा आणि मुद्दाम आवाज बंद करून पाठवा. लेबलकडे बघून ठरवू नका, ते नुसतंच वाकडं चिकटलेलं असू शकतं. (जाता जाता: कधी ‘एम बी व्ही’ घेतलात तर ‘नथिंग इज’मध्ये सुई अडकली म्हणून तक्रार करू नका. ते गाणंच तसं एका जागी घुमत राहतं.)

मी काही साउंड इंजिनियर नाही, आणि तुमची तबकडी मी पाहिलेली नाही. पण बदली रेकॉर्ड त्याच खेपेतली निघाली तर तीही तशीच असू शकते, त्यामुळे मी तरी पैसे परत मागेन. काहीजण भोक कोरून मोठं करायला सांगतात. माझ्या मते तो शुद्ध आचरटपणा. एकदा कोरलंत की परत कोण घेणार?

आणि ‘शूगेझ असंच असतं’ म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. १९९५ च्या ‘पिग्मॅलियन’ या अल्बमनंतर लगेच क्रिएशन या रेकॉर्ड कंपनीने या स्लोडाइव्हला वाऱ्यावर सोडलं. बावीस वर्षांनी परत आले ते इतकं स्वच्छ काम घेऊन, की ‘शुगर फॉर द पिल’मध्ये गिटारचा एकेक स्वर मोजून घ्यावा. नील हॅलस्टेड आणि रेचल गॉसवेलचे आवाजही कुठे गुदमरत नाहीत. धूसर वाटायला लावणं वेगळं आणि सदोष छापणं वेगळं. विकणाऱ्याला एवढं कळू नये?

डिजिटल प्रतीशी तोच पियानो एकदा ताडून बघा, म्हणजे तुमचीही खात्री पटेल. मुदत किती उरलीय ते तुम्ही लिहिलेलं नाही. आधी ते बघा, आणि तक्रार नोंदवल्याची तारीख लेखी मिळवा. फोनवरच्या गोड बोलण्यावर जाऊ नका.